तीन कलमं, एक पातं

राजगडाच्या पद्मावती माचीवर गेल्या डिसेंबरात आमच्यातल्या एकाच्या बुटाचा तळ सुटला. गडावर नेहमी जाणाऱ्यांना याचं नवल वाटत नाही. बूट वर्षभर माळ्यावर पडून असतात, आतला गोंद वाळतो आणि नेमका वरती पोचल्यावर तळ लोंबायला लागतो. उपायही सगळ्यांना माहीत असतो. नायलॉनच्या दोरीचे तीन-चार वेढे बुटाभोवती घट्ट मारायचे आणि सांभाळून उतरायचं. दोरी होती, चांगली दहा मीटर. पण सात जणांत मिळून एक पातं नव्हतं. शेवटी ती दोरी आम्ही वाटेतल्या एका दगडावर घासून घासून तोडली. दहा मिनिटं गेली, दोरीचं टोक कापसासारखं पिंजलं, आणि मी ठरवलं की सॅकमध्ये एक मिटणारा चाकू हवाच.

ठरवलं, तरी सात महिने घेतला नाही. दोन हजारांच्या पुढेमागे किंमत, ती एवढी मोठी अडचण नव्हती. घरात चाकू आणायचा म्हटलं की प्रत्येकाच्या मनात काहीतरी वेगळंच उभं राहतं, हे मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं. म्हणून जुलैत दापोलीजवळच्या गावी मामांकडे गेले, तेव्हा हा विषय मुद्दाम काढला. मामांनी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून तीस वर्षं काढली. आता गावी आंब्याची कलमं बांधतात. पोलाद आणि पातं यांबद्दल त्यांच्याइतकं जाणणारा माणूस आमच्या घरात दुसरा नाही. ते खूश होतील, कुठला घ्यायचा ते सांगतील, असं मी धरून चालले होते.

पडवीत काळ्या पिशव्यांतून कोयी रुजल्या होत्या. कोवळी पानं अजून तांबूसच होती. बाहेर पाऊस लागला होता. मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घेऊ नकोस."

"का?"

"दोरी कापायला कात्री ने. बोथट टोकाची मिळते, पट्ट्या कापायची. ती कुणाला लागत नाही."

"कात्रीने काकडी कशी चिरू? पाव कसा कापू? पेरू?"

"पेरू काय कापून खातात? आणि हे बघ." त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. दुसऱ्या पेरावर एक पांढरी आडवी रेघ होती. मी ती लहानपणापासून पाहिलेली, पण कधी विचारलं नव्हतं. "कंबरेच्या पट्ट्याला एक भोक वाढवायचं होतं. खिशातला चाकू काढला, टोक चामड्यात रोवलं आणि ढकललं. टोक अडकलं, हात पुढे गेला, पातं मिटलं. मध्ये माझं बोट. चार टाके पडले. मी फिटर, मला कळायला हवं होतं. तू तर भूगोल शिकवतेस."

त्यांचं बोट कापलं ते कसं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण चाकू निवडताना पहिला प्रश्न हाच असतो. जुन्या पद्धतीच्या मिटणाऱ्या चाकूत मुठीच्या पाठीला एक पोलादी पट्टी असते. ती स्प्रिंगसारखी पात्याच्या बुडावर दाबून बसते. पातं उघडं राहतं ते एवढ्या दाबावर. आडवं कापताना, वरून खाली चिरताना तो पुरतो. टोकाने भोसकायला गेलं किंवा पातं फटीत अडकून मागे ओढलं, की तो दाब हरतो आणि पातं बोटांच्या दिशेने येतं. मामांच्या काळी खिशात असायचे ते बहुतेक असेच.

"पण आता खटक्याचे येतात," मी म्हटलं. "मी बघून ठेवलाय तो फ्रान्सचा आहे, ओपिनेल. सव्हॉय प्रांतात एका अवजारं करणाऱ्याच्या पोराने, जोसेफ ओपिनेलने, १८९० मध्ये काढलेला. बीचच्या लाकडाची मूठ, एकच पातं. आधी त्यालाही खटका नव्हता. १९५५ मध्ये त्यांनी पात्याच्या बुडाशी एक फिरती कडी बसवली. कडी जरा फिरवली की पातं जागचं हलत नाही. उघडं असेल तर उघडं राहतं, आणि आताच्या कडीने मिटलेलं असेल तर मिटलेलंही."

"साधी युक्ती आहे. चांगली आहे." मामांनी हे मनापासून म्हटलं. "पण कडी फिरवायला विसरलीस तर?"

"नाही विसरणार."

"थकलेली असशील, अंधार पडलेला असेल, कुणाच्या तरी पायाला लागलेलं असेल. चाकू काढायची वेळ तीच असते. तेव्हा विसरशील. आणि समज, नाही विसरलीस. कडी लावली. मग तुला वाटेल, आता हा पक्का आहे, आता डबा उचकटू या, फांदी फोडू या. खटका नसलेल्या चाकूशी माणूस जपून वागतो. खटका आला की जोर लावतो. मी टूलरूममध्ये हेच बघितलं. मशीनला गार्ड बसवलं की पोरं हात आत घालायला लागायची."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही पूर्ण उत्तर नाही. मला एवढंच सुचलं की गार्ड काढून टाकलेली मशीन त्यांनी कधी कुणाला चालवू दिली नसती. तसं मी म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

त्यांचा खरा आक्षेप सांध्यावर होता. "चाकूत सगळ्यांत जास्त ताकद कुठे हवी? पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथे. आणि मिटणाऱ्या चाकूत नेमकं तिथेच आपण भोक पाडतो, खिळा घालतो आणि म्हणतो, हल आता. सांधा आला की ढिलाई आली. नवा असताना नाही कळत. दोन वर्षांनी पातं धरून आडवं हलवून बघ. शिवाय त्या खाचेत जातं काय काय. आंब्याचा रस, केळं, वाळू. तू रात्री सॅक ठेवणार जमिनीवर, सकाळी चाकूत मुंग्या. स्वयंपाकघरातली छोटी सुरी घे. अखंड पातं, धुतलं की स्वच्छ. काय वाईट आहे तिच्यात?"

"नेली होती," मी म्हटलं. जानेवारीत हरिश्चंद्रगडावर जाताना मी तोच प्रयोग केला होता. सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली. वर पोचेपर्यंत ती कागद फाडून, अस्तर फाडून रेनकोटात घुसली होती. रेनकोटाला हाताएवढी चीर. कुणाचा हात आत गेला नाही हे नशीब.

"मग तिला म्यान कर. अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप तापवून चपटा कर, झालं म्यान. दहा रुपयांचं काम."

खरं सांगायचं तर चाकू विकत घेण्याविरुद्धचा सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच आहे, आणि दुकानात उभं राहिल्यावर तो कुणालाच आठवत नाही. अखंड पात्याची छोटी सुरी आणि चांगलं म्यान मिटणाऱ्या चाकूपेक्षा मजबूत असतं, स्वच्छ राहतं आणि स्वस्त पडतं. मिटणाऱ्या चाकूकडे तिच्याहून वेगळा गुण एकच आहे, तो म्हणजे मिटणं. त्याची धार त्याच्याच मुठीत जाऊन बसते, म्यान वेगळं हरवत नाही आणि लांबी निम्मी होते. तुम्हाला त्या एका गुणाची गरज असेल तरच बाकीच्या उणिवा पत्करायच्या.

"मला गरज आहे," मी मामांना म्हटलं. "स्वारगेटला एसटीत बसायचं, वेल्ह्याला उतरायचं, गावातून चालत जायचं. कमरेला म्यानातली सुरी लावून गेले तर लोक माझ्याकडे कसे बघतील?"

"सॅकमध्ये ठेव."

"सॅक उघडून दाखवायला सांगितली तर?"

"मग मिटणारा निघाला काय, अखंड निघाला काय, विचारणारा विचारणारच. कायदा काय म्हणतो ते बघितलंस का?"

बघितलं होतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत धारदार शस्त्रांचा जो वर्ग आहे, त्यात पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलेली हत्यारं येतात. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. ओपिनेलचा सर्वांत खपणारा ८ क्रमांकाचा चाकू साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, म्हणजे साडेतीन इंचही नाही. तिथे अडचण येत नाही. पण दिल्लीची गोष्ट वेगळी. तिथे १९८० च्या अधिसूचनेने बटणाने किंवा कुठल्या यांत्रिक युक्तीने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चाकूंना लांबीची ७.६२ सेंटिमीटर आणि रुंदीची १.७२ सेंटिमीटर अशी बरीच कडक मापं लावली आहेत. माझी बहीण दिल्लीला असते. तिच्याकडे जाताना चाकू घरीच राहणार, हे मी तेव्हाच लिहून ठेवलं. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इन केलेल्या बॅगेत चालतो.

"आणि आपल्याकडे?" मामांनी विचारलं.

"महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. कलम ३७. सणासुदीला, निवडणुकीला, कुठे तणाव असला की त्याखाली मनाई आदेश निघतो. मग तेवढे दिवस त्या हद्दीत सार्वजनिक जागी शस्त्रं, लाठ्या, चाकू बाळगायला बंदी. तेव्हा पात्याची लांबी कुणी मोजत बसत नाही."

"म्हणजे गडावर निघायच्या आधी आदेश आहे का ते बघायचं."

"बघायचं. आणि ट्रेक संपला की चाकू सॅकमधून काढून घरी कपाटात. रोजच्या पर्समध्ये नाही, सिनेमाला नाही, मेट्रोत नाही."

"मग वर्षातले साडेतीनशे दिवस तो कपाटात! त्याच्यासाठी दोन हजार!"

इथे मामी आतून आल्या. सकाळपासून ऐकत असणार. त्यांच्या हातात विळी होती. पडवीच्या कडेला बसून त्यांनी विळीचं पातं उभं केलं, पाटावर पाय ठेवला आणि भेंडी चिरायला घेतली. "एवढं काय चाललंय तुमचं?" त्या म्हणाल्या. "ही मिटतेच की. चाळीस वर्षं मिटतेय. काम झालं की पातं आडवं करायचं आणि भिंतीशी सरकवून ठेवायचं. उघडी विळी कुणी ठेवली तर माझ्या सासूबाई जेवायला वाढायच्या नाहीत."

मी विळीकडे पाहतच राहिले. जन्मभर मी ही वस्तू वापरत आले आणि ती मिटणारा चाकू आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. लाकडी पाट ही तिची मूठ. पातं एका खिळ्यावर फिरतं आणि पाटावर येऊन निजतं. मामांनी दाखवलेला सांधा तिच्यातही आहे. तरी चाळीस वर्षांत या विळीने कुणाला दगा दिला नव्हता. मी मामांना तसं म्हटलं.

"तिचं काम ठरलेलं आहे," ते म्हणाले. "पातं स्थिर, हात चालतात. भाजी दोन्ही हातांनी धरायची आणि पात्यावर ढकलायची, म्हणजे जोर पडतो तो पातं उघडण्याच्या दिशेला, मिटण्याच्या नाही. त्या सांध्यावर उलटा भार कधी येतच नाही. म्हणून तो टिकला. तुझा चाकू तू दहा कामांना लावणार."

आणि मग त्यांनी स्वतःच्या खिशात हात घातला.

बाहेर आला तो मिटणारा चाकू होता. शिसवी मूठ घामाने काळी झालेली, पितळी खिळे, आणि आखूड, सरळ धारेचं पातं. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "हा कलमाचा. याच्याबद्दल बोलू नकोस. हा वेगळा."

वेगळा कसा, ते त्यांनी दाखवलं. एका पिशवीतलं पंधरा दिवसांचं रोप घेतलं, जमिनीपासून वीतभराच्या आतच त्याचा शेंडा उडवला आणि उरलेल्या खुंटाला मधोमध खाली दीड-दोन इंच चीर दिली. मग हापूसची काडी घेतली. तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली. दोन कापांत, एका बाजूला एक. पातं काडीवरून गेलं तेव्हा आवाज झाला नाही. पाचर चिरेत सरकवली आणि प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधली. अर्ध्या मिनिटाचं काम. "बघितलंस? काप एका दमात झाला पाहिजे. करवतीसारखा पुढेमागे केला की पृष्ठभाग उंचसखल होतो, मध्ये हवा राहते आणि साल सालीला भेटत नाही. कलम मरतं. म्हणून या पात्याला एकाच बाजूने धार आहे, दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू काडीला टेकते म्हणून काप सपाट येतो. याने मी कधी सुपारी कापली नाही, दोरी कापली नाही. पेरू तर नाहीच."

"पण मिटणारा का? तुमच्या म्हणण्याप्रमाणे अखंड पातं बरं ना?"

"दिवसाला दीडशे रोपं. प्रत्येक रोपानंतर बांधायला दोन्ही हात लागतात. तेव्हा उघडं पातं ठेवायचं कुठे? मांडीवर? मिटलं की खिशात. बांधून झालं की पुन्हा उघडलं."

म्हणजे मिटण्याची गरज त्यांनाही होती. फक्त ती कामातून आली होती. माझी गरजही कामातूनच आली आहे, हे मी त्यांना कसं पटवणार?

इथे एक शब्द माझ्या डोक्यात घोळत राहिला. कलम. मामा बांधतात ते कलम. मी मघाशी सांगितलं तेही कलम, सदतिसावं. आणि बोरूलाही पूर्वी कलमच म्हणत. त्या काडीचं टोक तिरकं तासून, मध्ये चीर देऊनच ती लिहायजोगी होई. पाचर आणि चीर, मामांच्या हातचीच. युरोपात हंसाच्या पिसाची लेखणी अशीच तासत आणि त्या कामाच्या छोट्या चाकूला इंग्रजीत पेननाइफ हे नाव पडलं ते त्यावरून. माणसाच्या खिशात चाकू आला तो लढायला नव्हे, लिहायला आला, असं म्हणण्याइतकी ही गोष्ट मला मोठी वाटते. शाळेत आम्ही पेन्सिलीला टोक करायला ब्लेड वापरायचो. मामांच्या पिढीत चाकू होता.

जपानमध्ये तर ही शाळकरी मुलांचीच वस्तू होती. हिगोनोकामी म्हणतात त्याला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, स्प्रिंग नाही, खटका नाही, पात्याच्या बुडाला अंगठ्याने दाबायची एक शेपटी. अंगठा ठेवला तर उघडा, उचलला तर सैल. पेन्सिलीला टोक करणं, बांबूची खेळणी करणं, सगळं त्यानेच. १९६० मध्ये तिथल्या समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो आसानुमा यांचा भर सभेत एका तरुणाने खून केला. हत्यार आखूड तलवारीसारखं होतं, हिगोनोकामी नव्हे. पण त्यानंतर मुलांच्या हातून पाती काढून घेण्याची मोहीम देशभर चालली. हिगोनोकामी जिथे होत त्या मिकी शहरातले चाकू करणारे एकामागून एक थांबले.

हे मी मामांना सांगितलं, कारण मला त्यातला अन्याय बोचतो. त्यांना तो बोचला नाही. "मुलांच्या हातात काय द्यायचं ते मोठ्यांनी ठरवायचं," ते म्हणाले. "चाकू म्हटला की लोकांना रामपुरी आठवतो. सिनेमात कर्रकन उघडणारा. तू गडावर काकडी चिरायला काढशील, शेजारच्या ग्रुपमधली पोरं वेगळंच बघतील."

यात तथ्य आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी केलेल्या त्या चाकूचं नाव हिंदी चित्रपटांनी खलनायकाच्या मुठीत असं बसवलं, की चांगलं पोलाद आणि पितळी कोरीवकाम ही त्याची दुसरी बाजू लोकांना दिसलीच नाही. २०२३ मध्ये रामपूरमध्ये एका चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारला गेला, तेव्हा मला वाटलं, शहराने स्वतःचं नाव परत मागितलं. पण गडावरच्या अनोळखी माणसाला हे समजावत बसता येत नाही. म्हणूनच झटक्यात उघडणारे, काळ्या पात्याचे, लढाऊ दिसणारे जे चाकू ऑनलाइन ढिगाने दिसतात, ते मी पहिल्या दिवशीच यादीतून काढले होते. दोन्ही हातांनी, नखाने खाचेतून हळू उघडावा लागणारा चाकू पाहणाऱ्यालाही शांत वाटतो. उघडायला लागणारा तो एक क्षण मला उणेपणा वाटत नाही.

"मग स्विस का नाही?" मामांनी विचारलं. "लाल मुठीचा. आमच्या साहेबांकडे होता."

त्याचाही मी विचार केला होता. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कारखाना काढला आणि १८९१ पासून सैन्याला चाकू पुरवला. त्या पहिल्या चाकूत पातं, डबा उघडायचं हत्यार, स्क्रू ड्रायव्हर आणि भोक पाडायचा टोचा एवढंच होतं. शिपायाने डबा उघडून जेवायचं आणि स्वतःची रायफल खोलायची, ही दोन कामं समोर ठेवून ते केलं होतं. कंपनीचं नाव पुढे व्हिक्टोरिनॉक्स झालं. व्हिक्टोरिया हे एल्सनरांच्या आईचं नाव, आणि आयनॉक्स म्हणजे न गंजणारं पोलाद. २०२४ मध्ये याच कंपनीने सांगितलं की पातंच नसलेलं खिशातलं हत्यारही आम्ही तयार करतो आहोत, कारण जागोजागी चाकूवरचे निर्बंध वाढत चालले आहेत.

"तो घेतला तर कात्रीही येते, मोचणंही येतं," मी म्हटलं. "पण साध्या मॉडेलात मोठ्या पात्याला खटका नाही. तुमच्या बोटाला झालं तेच होणार."

"आणि दहा हत्यारं एका मुठीत म्हणजे दहा सांधे. प्रत्येकात मुंग्या." मामा पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलले होते. "नको. एकच पातं बरं. आता सांग, पोलाद कुठलं घेणार?"

"कार्बन. सगळे म्हणतात त्याला धार लवकर लागते, जास्त चांगली लागते."

"खरं आहे. आणि कोकणात पावसाळ्यात एका रात्रीत तांबतं. कैरी कापून न पुसता ठेवलीस तर तासाभरात काळं. माझं हे पातं कार्बनचं आहे, मी संध्याकाळी रोज खोबरेल लावतो. तू लावशील? गडावरून रात्री अकराला घरी आल्यावर?"

मी खरं ते सांगितलं. नाही लावणार.

"मग स्टेनलेस. धार लावायला थोडे कष्ट जास्त, पण विसरलीस तरी चालेल. आणि लाकडी मूठ पावसात फुगते, ते माहितीये?"

माहीत होतं. ओपिनेलची ही जुनी तक्रार आहे. ओल पिऊन लाकूड फुगतं, खाच आवळते आणि पातं बाहेरच येत नाही. सव्हॉयच्या लोकांनी त्यावर युक्ती काढली आहे. मुठीचं मागचं बूड टेबलावर ठोकायचं, म्हणजे पातं थोडं वर येतं आणि बोटात धरता येतं. मामांना ती आवडली. त्यांनी पडवीच्या खांबावर मूठ ठोकल्यासारखं करून पाहिलं. "जवसाचं तेल मुरवलं मुठीत, तर कमी फुगेल," ते म्हणाले. मी ओळखलं की आता ते घ्यावा का नको हे सोडून कसा सांभाळावा याकडे आले आहेत. पण ते मान्य करणार नव्हते, आणि मीही तोंडावर बोलले नाही.

"एक अट," ते म्हणाले. "घ्यायच्या आधी धार लावायला शीक. बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त कापतो, माणसाला. बोथट असला की तू जोर लावतेस, मग तो सटकतो. बाजारातून येतो तो धारदारच येतो. सहा महिन्यांनी काय? दारावर सायकलवाला येतो त्याला देशील? तो चाकावर धरून ठिणग्या उडवेल, पातं तापेल, पोलादाचं पाणी उतरेल. एवढं पातळ पातं चाकावर धरायचं नसतं."

त्यांनी आतून कुरुंदाचा दगड आणला. एक बाजू खरबरीत, एक बारीक, मध्ये वापराने खोलगट झालेला. मामींनी आपली सगळ्यांत बोथट सुरी आनंदाने दिली. मामांनी कोन समजावला तो अस्सल फिटरच्या पद्धतीने. पातं दगडावर उभं धर, तो काटकोन. अर्ध्यावर आण, पंचेचाळीस. त्याच्या अर्ध्यावर आण. तिथून केसभर खाली, ते वीस अंश झाले. आता मनगट विसरून जा. हलवायचा तो खांदा. मुळापासून टोकापर्यंत, दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा असल्यासारखं पुढे ढकल.

मी ढकलत राहिले. पाऊस थांबला, पुन्हा लागला. मामांची अकरा कलमं बांधून झाली. मध्येच ते माझा अंगठा धरून धारेच्या पलीकडच्या अंगावरून आडवा फिरवायचे. तिकडे पोलादाची एक बारीक किनार उठायला हवी, नखाला अडकेल इतकी. ती मुळापासून टोकापर्यंत सलग उठली, की मगच पातं उलटायचं. माझी किनार मुळाशी आणि टोकाशी होती, मध्ये नव्हती.

"पोटाशी कोन सोडतेस," ते म्हणाले.

भेंडीची भाजी झाली, आम्ही जेवलो, आणि मी पुन्हा दगड ओला केला. चाकू घ्यायचा आहे, हे माझं पक्कं आहे. आठ नंबर, स्टेनलेस, कडीचा. दिवाळीनंतर गडांचा मोसम सुरू होतो, तोवर घेईन. कोन सुधारेपर्यंत मात्र नाही. रात्री नऊच्या सुमाराला मामांनी कालचं वर्तमानपत्र माझ्यापुढे एका कोपऱ्यात उभं धरलं. सुरी वरून खाली सरकली, कागद निम्म्यापर्यंत सरळ चिरत गेला आणि मग फाटला.

"इथे," पात्याच्या मधोमध बोट ठेवत मामा म्हणाले. मी दगड पुन्हा जवळ ओढला.